तिसऱ्यांदा फॉरमॅट मारू का?

वाचकाची अडचण: एका छोट्या कार्यालयात हिशेब सांभाळणाऱ्या वाचकांचं हे पत्र. ‘यांना कॉम्प्युटरमधलं कळतं’ अशी ख्याती झाल्यामुळे तिथली अकराही मशीन त्यांच्याच गळ्यात पडली आहेत. त्यातलं एक सहा वर्षांचं आहे: विंडोज १०, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. सकाळी चालू केल्यावर काम सुरू करता येईपर्यंत बारा मिनिटं जातात. अधूनमधून ते मिनिटभर गोठतं. माऊस हलतो, बाकी काही हलत नाही. वर्षभरात दोनदा फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकलं. दोन्ही वेळा तीन-चार आठवडे मशीन छान पळालं आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दुसऱ्या वेळी एका सहकारी बाईंच्या डेस्कटॉपवरचा फोल्डर गेला, तो परत मिळाला नाही. सहकारी म्हणतात व्हायरस आहे. साहेब म्हणतात सगळीच मशीन काढून नवी घेऊ. वाचकांना स्वतःला वाटतं, विंडोज टाकतानाच आपलं काहीतरी चुकत असावं. ‘तिसऱ्यांदा फॉरमॅट मारू, नवीन मशीन घ्यायला सांगू, की हे माझ्याच्यानं होत नाही म्हणून मोकळा होऊ?’ असं त्यांनी विचारलं आहे.

नमस्कार,

फॉरमॅटनंतर तीन-चार आठवडे मशीन छान पळतं, हे तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात, पण निदानाच्या दृष्टीनं सगळ्यात मोलाची माहिती तीच आहे. फॉरमॅट हा उपाय आहे, फक्त टिकत नाही, असा त्याचा अर्थ तुम्ही लावलात. जो बिघाड कोऱ्या करकरीत विंडोजवरही महिन्याभरात हजर होतो, तो विंडोजमध्ये नसण्याचीच शक्यता जास्त. माझा संशय हार्ड डिस्कवर आहे. तो खरा की खोटा हे अर्ध्या तासात कळेल, पण त्याआधी फॉरमॅटनं बरं वाटतं ते का, हे समजून घेऊ.

हार्ड डिस्कचा पृष्ठभाग बारीक बारीक खणांत विभागलेला असतो. त्यांना सेक्टर म्हणतात. एखादा सेक्टर नीट वाचता येईना, की डिस्क विंडोजला लगेच ‘जमत नाही’ असं सांगत नाही. ती स्वतःच पुन्हा पुन्हा वाचून बघते आणि त्यात कित्येक सेकंद जातात. तेवढा वेळ त्या फाईलची वाट बघणारा प्रत्येक प्रोग्रॅम ताटकळतो. माऊसचा बाण हलवायला डिस्क लागत नाही, म्हणून तो हलतो. तुम्ही लिहिलेलं लक्षण तंतोतंत हेच आहे. न वाचलेला सेक्टर डिस्क आपल्या ‘संशयित’ यादीत टाकते आणि पुढे कधी त्यावर काही नवीन लिहिलं गेलं, तर तेव्हा त्याचा निकाल लावते: लिहिणं जमलं तर यादीतून नाव कमी, नाहीतर राखीव साठ्यातला चांगला सेक्टर त्याच्या जागी.

आता फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकताना काय होतं ते बघा. डिस्कवर हजारो ठिकाणी नव्यानं लिखाण होतं. त्या वाटेत आलेले संशयित सेक्टर बदलले जातात किंवा तात्पुरते सुधारल्यासारखे दिसतात. फाईली कमी असल्यानं डिस्कचा बराच भाग वापरातच नसतो. मशीन पळायला लागतं. मग अपडेट येतात, ब्राउझरचा कॅश, म्हणजे त्यानं तात्पुरत्या ठेवलेल्या फाईली, साठतो, ईमेल वाढतात, लिखाण डिस्कच्या नव्या नव्या भागात पसरतं आणि पुन्हा कच्च्या जागेवर पाय पडतो. शिवाय मधल्या काळात विंडोजनं डिस्कच्या तक्रारींची नोंद आपल्या लॉगमध्ये ठेवलेली असते. फॉरमॅटनं तीही पुसली जाते. दोनदा तुमच्या हातात पुरावा होता आणि दोनदा तो गेला.

व्हायरसचं म्हणणं मला पटत नाही. अकरा मशीन एकाच नेटवर्कवर, माणसं तीच, पेन ड्राइव्ह बहुधा तेच, आणि त्रास मात्र एकाच मशीनला. तुमची चूकही दिसत नाही. विंडोज टाकताना गडबड झाली असती तर तिचा त्रास पहिल्या दिवसापासून झाला असता. एक गोष्ट मात्र स्वतःला विचारा: विंडोज टाकलं ते मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन बनवलेल्या पेन ड्राइव्हवरून, की कुणीतरी दिलेल्या, ॲक्टिव्हेशनची ‘सोय’ असलेल्या पेन ड्राइव्हवरून? दुसरं असेल तर ते आजच बंद करा. त्या सोयीसोबत आणखी काय आत येतं, ते बाहेरून तपासायला मार्ग नाही.

आधी डेटा, मग निदान

तो फोल्डर गेल्याचं तुमच्या मनाला लागलंय, ते पत्रात जाणवतं. म्हणून पहिलं काम हेच. उद्या मशीन चालू झालं की दुसरं काहीही करण्याआधी एक बाहेरची डिस्क जोडा आणि डेटा काढून घ्या. ‘चेकडिस्क’ या विंडोजच्या डिस्क तपासणाऱ्या कमांडला ‘स्लॅश आर’ लावून चालवायचा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. आज तो मानू नका. ती कमांड डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचायला जाते. १ टीबीच्या थकलेल्या डिस्कवर हे तासन्‌तास चालतं आणि मरणपंथाला लागलेली डिस्क तेवढ्या श्रमानं पुरती बसू शकते. डिफ्रॅगमेंट करणं, पूर्ण अँटिव्हायरस स्कॅन लावणं, यांनाही आज सुट्टी.

कॉपी साध्या कॉपी-पेस्टनं करायला गेलात तर एका खराब फाईलपाशी सगळं अडून बसेल. त्यासाठी विंडोजमध्येच ‘रोबोकॉपी’ आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी रोबोकॉपी, मग जिथून घ्यायचं तो फोल्डर, मग जिथे ठेवायचं तो, आणि शेवटी स्लॅश ई, स्लॅश आर कोलन १, स्लॅश डब्ल्यू कोलन १. टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचं. फोल्डरच्या नावात मोकळी जागा असेल तर ते नाव दुहेरी अवतरण चिन्हांत. ‘ई’मुळे आतले सगळे फोल्डर येतात. ‘आर’ म्हणजे किती वेळा पुन्हा प्रयत्न करायचा आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे दोन प्रयत्नांत किती सेकंद थांबायचं. हे दोन आकडे विसरू नका, कारण तुम्ही काही दिलं नाहीत तर रोबोकॉपी १० लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून प्रयत्न करतं. हिशेब तुमच्याच हातचा मळ आहे: एका खराब फाईलपायी जवळजवळ ३४७ दिवस.

आणि कॉपी काय काय करायचं? डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे सगळ्यांना आठवतं. विसरतं ते निराळंच. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा बरेचदा सी ड्राइव्हवर स्वतःच्या वेगळ्याच फोल्डरमध्ये किंवा ‘प्रोग्रॅमडेटा’ या लपवलेल्या फोल्डरमध्ये असतो. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये डेटाची जागा लिहिलेली असते, ती बघून घ्या. आउटलुक असेल तर ईमेल साठवणारी त्याची पीएसटी फाईल. ब्राउझरचे बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड. स्कॅनर जिथे फाईली टाकतो तो फोल्डर. वेगळे बसवलेले फॉन्ट. डिजिटल सहीचं सर्टिफिकेट मशीनमध्येच ठेवलेलं असेल तर ते, त्याच्या खाजगी कीसकट एक्स्पोर्ट करून. सॉफ्टवेअरचे लायसन्स नंबर आणि नेटवर्क प्रिंटरचा आयपी पत्ता कागदावर. ‘युजर्स’ फोल्डर उघडून त्या मशीनवर आणखी कुणाकुणाची खाती आहेत तेही बघा. सहकारी बाईंचा फोल्डर असाच दुसऱ्या खात्यात राहून गेला असण्याची शक्यता बरीच आहे. कॉपी झाल्यावर ती बाहेरची डिस्क दुसऱ्या मशीनला लावा आणि दहा-बारा फाईली खरोखर उघडून बघा. नाव दिसलं म्हणजे फाईल आली, असं नसतं.

डेटा क्लाउडवर ‘सिंक’ होतो म्हणून निर्धास्त असलेल्या वाचकांनाही इथेच सांगते: सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इकडे पुसलेली फाईल तिकडेही पुसली जाते. रिसायकल बिनमध्ये ती काही दिवस राहील, कायम नाही.

आता मशीनला बोलू द्या

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. ‘परफॉर्मन्स’मध्ये डावीकडे डिस्कवर क्लिक करा आणि मशीन गोठेपर्यंत तिथेच नजर ठेवून बसा. बघायचे आकडे तीन: ॲक्टिव्ह टाइम, ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम आणि वाचण्या-लिहिण्याचा वेग. बहुतेक जण ॲक्टिव्ह टाइम १०० टक्के दिसला की तिथेच थांबतात, पण एकट्या त्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. तो १०० टक्के आहे, वेग सेकंदाला ८०-१०० एमबी आहे आणि रिस्पॉन्स टाइम शंभर मिलिसेकंदांच्या आत आहे, तर डिस्क धडधाकट आहे. तिच्यावर कुणीतरी ढीगभर काम टाकलंय. मग ‘प्रोसेसेस’मध्ये डिस्कच्या रकान्यावर क्लिक करून तो कोण ते शोधायचं. पण ॲक्टिव्ह टाइम १०० टक्के, वेग शून्याच्या आसपास आणि रिस्पॉन्स टाइम हजारो मिलिसेकंद, असं चित्र दिसलं तर डिस्क काम करत नाहीये, ती कुठेतरी अडकून बसली आहे. तुमच्याकडे हेच दिसेल असा माझा अंदाज आहे.

दुसरा पुरावा डिस्क स्वतःच ठेवत असते. ‘स्मार्ट’ नावाची ही नोंदवही डिस्कच्या आत असल्यामुळे फॉरमॅटनं पुसली जात नाही. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे मोफत सॉफ्टवेअर ती दाखवतं. वर ‘गुड’, ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ असा शेरा येतो, पण शेऱ्यावर विसंबू नका, खालच्या ओळी वाचा. ०५ म्हणजे बदलून झालेले सेक्टर. सी ५ म्हणजे सध्या संशयित असलेले. सी ६ म्हणजे वाचताच न आलेले. सी ७ म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातल्या केबलवर बिघडलेली देवाणघेवाण. प्रत्येक ओळीत उजवीकडे ‘रॉ व्हॅल्यू’ असते. ती मुळात सोळाच्या पायावर लिहिलेली असते. ‘फंक्शन’ मेनूतल्या ‘ॲडव्हान्स्ड फीचर’मध्ये जाऊन ती दशमान करून घ्या, म्हणजे चुकीचं वाचलं जाणार नाही.

सी ५ किंवा सी ६ शून्यापेक्षा जास्त असेल, किंवा ०५ चा आकडा आठवड्याभरात वाढताना दिसला, तर त्या डिस्कवर कामाचा डेटा ठेवू नका. इथे मी तडजोड सुचवणार नाही. ‘अजून चालतेय ना’ म्हणून ठेवलेली डिस्क एके दिवशी ओळखच द्यायची थांबते. सी ७ एकटाच मोठा असेल तर मात्र डिस्क निर्दोष असू शकते. मशीन बंद करून, वीज काढून साटा केबल दोन्ही टोकांना घट्ट बसवा किंवा बदला. हा आकडा कधीच खाली येत नाही, म्हणून आजचा लिहून ठेवा. केबल बदलल्यावर तो तिथेच थांबला तर दुखणं केबलचंच होतं. आणि ०१ क्रमांकाच्या ओळीत अवाढव्य आकडा दिसला तर घाबरू नका, काही कंपन्यांच्या डिस्कमध्ये तो तसाच दिसतो.

तिसरा पुरावा विंडोजकडे. विंडोज आणि एक्स ही बटणं दाबून येणाऱ्या यादीतून इव्हेंट व्ह्यूअर उघडा. डावीकडे ‘विंडोज लॉग्ज’, त्यात ‘सिस्टीम’, उजवीकडे ‘फिल्टर करंट लॉग’. आयडीच्या चौकटीत ७, ५१, १२९, १५३ हे स्वल्पविरामांसह टाका. स्रोत ‘डिस्क’ आणि आयडी ७ म्हणजे खराब सेक्टर सापडला. १५३ म्हणजे वाचणं-लिहिणं पुन्हा करून बघावं लागलं. १२९ म्हणजे डिस्कनं उत्तरच दिलं नाही म्हणून विंडोजनं तिला रीसेट केलं. या नोंदींच्या वेळा आणि मशीन गोठल्याच्या वेळा जुळतात का, ते पडताळा. इव्हेंट व्ह्यूअर पहिल्यांदाच उघडत असाल तर एक सावधगिरी: धडधाकट मशीनवरसुद्धा तिथे लाल-पिवळ्या खुणांचा खच असतो. डिस्ट्रिब्युटेडकॉमची १००१६ क्रमांकाची नोंद तर जिथे तिथे दिसते आणि तिच्याकडे दुर्लक्ष करा असं मायक्रोसॉफ्टनंच सांगितलंय. ‘तुमच्या मशीनमध्ये बिघाड आहे’ म्हणून फोन करणारे ठग हाच खच उघडायला लावून लोकांना घाबरवतात. कार्यालयातल्या सगळ्यांना हे एकदा सांगून ठेवा.

डिस्क नापास झाली तर

फॉरमॅटही नको आणि नवीन मशीनही नको. डिस्क बदला आणि तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपवर डेटा साठवणारी डिस्क, बसवा. फरक किती पडतो ते सांगते. फिरणाऱ्या हार्ड डिस्कला वाचायच्या जागी डोकं न्यायला आणि तबकडी फिरून यायला मिळून दहा-बारा मिलिसेकंद लागतात, म्हणजे विखुरलेल्या फाईली वाचताना सेकंदाला जेमतेम शंभरेक फेऱ्या. साधी साटा एसएसडी हेच काम सेकंदाला हजारोंनी करते. विंडोज सुरू होताना नेमक्या अशाच हजारो छोट्या फाईली वाचल्या जातात. बारा मिनिटांचा वेळ एका मिनिटाच्या आत येणं यात काही चमत्कार नाही. अडीच इंची साटा एसएसडीला केबल त्याच लागतात. साडेतीन इंची खणात बसवायला एक छोटी पट्टी मिळते. कार्यालयीन कामाला ५०० जीबीच्या आसपासची भरपूर झाली.

जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल, म्हणजे क्लोन, करून घ्यायचा मोह होईल, कारण त्यात सॉफ्टवेअर पुन्हा टाकायला लागत नाहीत. डिस्क ठणठणीत असताना क्लोन उत्तम. इथे नको. न वाचलेल्या सेक्टरमधल्या सिस्टीम फाईली अर्धवटच येतील आणि मग नव्या एसएसडीवर जुनं दुखणं शोधत बसाल. कोरं विंडोज टाका. आणि ते टाकताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा. दोन्ही जोडलेल्या असल्या तर इन्स्टॉलर कित्येकदा बूटची, म्हणजे मशीन सुरू करून देणारी, फाईल जुन्याच डिस्कवर टाकतो. सगळं सुरळीत चालतं आणि पुढे जुनी डिस्क काढली की मशीन सुरूच होत नाही. ही चूक मुरलेल्या लोकांच्या हातूनही होते.

ॲक्टिव्हेशनची काळजी करू नका. रीतसर डिजिटल लायसन्स असेल तर ते मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेलं असतं, डिस्क बदलल्यानं जात नाही. इंटरनेट जोडलं की विंडोज आपणहून ॲक्टिव्हेट होतं. केबल काढण्याआधी मात्र बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय, चालू आहे का ते बघा. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, नाहीतर जुनी डिस्क दुसऱ्या मशीनला लावल्यावर कुलूपबंदच राहील.

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलाय. तेव्हा एसएसडीवर पुन्हा विंडोज १० टाकण्यात अर्थ नाही. सहा वर्षांपूर्वीचं मशीन असेल तर प्रोसेसर विंडोज ११ ला लागतो तसा, म्हणजे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा पुढचा, असण्याची बरीच शक्यता आहे. ‘पीसी हेल्थ चेक’ हे मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर चालवा. विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नाही असं ते म्हणालं तरी लगेच मान्य करू नका. कित्येक मदरबोर्डमध्ये ते असतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, बंद असतं. इंटेलच्या बोर्डवर त्याला पीटीटी म्हणतात आणि एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम. मशीन पात्र असेल तर थेट विंडोज ११ टाका, विंडोज १० चं लायसन्स तिथे चालतं.

डिस्क पास झाली तर

माझा अंदाज चुकला असेल, तर पुढचा संशयित मेमरी. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर ‘कमिटेड’ म्हणून दोन आकडे असतात. नेहमीचं सगळं काम उघडं ठेवून बघा. पहिला आकडा तुमच्या ८ जीबीच्या बराच पुढे गेला असेल तर विंडोज रॅमची कमतरता डिस्कवर भागवतंय. मग डिस्क अकारण बदनाम होते आणि रॅम १६ जीबी केली की प्रश्न मिटतो. मेमरीची पट्टीच सदोष असेल तर मशीन नुसतं मंदावत नाही, निळा पडदा येतो किंवा प्रोग्रॅम अचानक बंद पडतात. त्यासाठी मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवरून रात्रभर लावून ठेवा. एकसुद्धा चूक निघाली तर पट्टी बदलायची.

दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालू असणं हेही नेहमीचं कारण. एक ठेवा. सीपीयूच्या पानावर वेग सतत प्रोसेसरच्या मूळ वेगाच्या खाली अडकलेला दिसला तर कॅबिनेट उघडा; पंखा आणि हीटसिंक धुळीनं भरलेले असतील. त्याच पानावर ‘अप टाइम’ असतो. रोज संध्याकाळी शटडाउन करूनही तिथे वीस दिवस दिसले तर दचकू नका. ‘फास्ट स्टार्टअप’मुळे शटडाउन करताना विंडोजचा गाभा बंद न होता डिस्कवर साठवला जातो आणि सकाळी तोच परत येतो. खरं नव्यानं सुरू होणं ‘रीस्टार्ट’नं होतं. कित्येक चिवट तक्रारी एका रीस्टार्टनं जातात त्या याच कारणानं.

विंडोजच्या फाईलीच बिघडल्याचा संशय असेल, आणि डिस्क चांगली असल्याची खात्री झाली असेल, तरच दुरुस्तीच्या कमांड. आधी ‘डीआयएसएम’, त्याला स्लॅश ऑनलाइन, स्लॅश क्लीनअप-इमेज, स्लॅश रिस्टोअरहेल्थ. मग ‘एसएफसी’, स्लॅश स्कॅननाऊ. क्रम असाच. एसएफसी बिघडलेल्या फाईलीच्या जागी चांगली प्रत ठेवतं ती विंडोजच्या आतल्या गोदामातून. गोदामातलीच प्रत खराब असेल तर ते काय देणार? डीआयएसएम आधी गोदाम दुरुस्त करतं. मध्येच एका आकड्यावर बराच वेळ थांबल्यासारखं दिसलं तर खिडकी बंद करू नका. एवढ्यानंही भागलं नाही तर फॉरमॅटच्या अलीकडे अजून एक पायरी आहे: विंडोज चालू असतानाच इन्स्टॉलेशनच्या पेन ड्राइव्हवरचा ‘सेटअप’ चालवायचा आणि फाईली व ॲप ठेवा, हा पर्याय निवडायचा. विंडोज नव्यानं बसतं, तुमचं सगळं जागच्या जागी राहतं. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगची नोंदवही, साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नका; त्यांनी वेग वाढत नाही आणि मोडतोड मात्र होते.

या सगळ्यात एक पथ्य पाळा. एका वेळी एकच बदल, आणि एक वही: तारीख, लक्षण, काय बदललं, पुढे काय झालं. तुम्ही हिशेबवाले आहात, तुम्हाला हे जड नाही.

साहेबांना काय सांगायचं

सगळी मशीन बदलू, या म्हणण्यामागे त्यांचा वैताग आहे आणि तो खोटा नाही. पण अकरा मशीनची अवस्था काय आहे हे आज कुणालाच ठाऊक नाही. एका दुपारी प्रत्येक मशीनपाशी पाच-सात मिनिटं बसा. हार्ड डिस्क की एसएसडी, हे टास्क मॅनेजरमध्ये डिस्कच्या नावाखालीच लिहिलेलं असतं. रॅम किती, ०५, सी ५, सी ६, सी ७ चे आकडे काय, विंडोज ११ ला पात्र की नाही. एका पानाचा तक्ता होईल. जी मशीन पात्र नाहीत ती खरोखर बदलायच्या यादीत टाका, तिथे साहेबांचं म्हणणं बरोबरच आहे. बाकीच्यांना बहुतेक एसएसडी पुरेल. एसएसडी असलेली मशीनही तपासा. एसएसडी खडखड करत नाही, सूचना न देता एके दिवशी गप्प होऊ शकते.

‘मोकळा होऊ का’ याबद्दल. निदान करणं तुम्हाला जमतं, ते सोडायचं कारण मला दिसत नाही. पण अकरा जणांच्या डेटाची जबाबदारी गुपचूप तुमच्या एकट्याच्या डोक्यावर असणं, हे चूक आहे. तक्ता देताना साहेबांकडे लेखी दोन गोष्टी मागा: बॅकअपसाठी दोन बाहेरच्या डिस्क आणि आठवड्यातला ठरलेला एक तास. डिस्क आलटून पालटून वापरा. एक जोडलेली असताना दुसरी कार्यालयाबाहेर. ते नाही म्हणाले तर तो त्यांचा निर्णय म्हणून कागदावर राहू द्या. ज्या बाईंचा फोल्डर गेला त्यांनाही खरं कारण सांगा. हरवलेलं परत मिळणं आता जवळपास अशक्य आहे, कारण त्या जागेवर नवीन विंडोज लिहिलं गेलंय. डेटा परत आणून देण्याचं आमिष दाखवणारी सॉफ्टवेअर विकत घेऊन पैसे घालवू नका.

काढलेल्या जुन्या डिस्कवर तारीख आणि मशीनचं नाव लिहून ती सहा महिने कपाटात ठेवा. कुठली तरी विसरलेली फाईल नक्की निघते. त्यानंतर टाकून देण्याआधी ती दुसऱ्या मशीनला जोडा आणि विंडोजच्या ‘डिस्कपार्ट’ या कमांडमध्ये, डिस्कचा क्रमांक दोनदा तपासून, ती निवडून ‘क्लीन ऑल’ द्या. त्यानं सगळ्या डिस्कवर शून्यं लिहिली जातात, मात्र बाद होऊन बदलल्या गेलेल्या सेक्टरपर्यंत ती पोचत नाहीत. हिशेबाचा डेटा होता, तेव्हा शेवटी आतल्या तबकड्यांना भोकं पाडूनच ती इलेक्ट्रॉनिक कचऱ्यात द्या. हे करताना डोळ्यांना चष्मा हवाच, काही डिस्कच्या तबकड्या काचेच्या असतात.